मर्यादित पुण्य

पुण्यकर्मास मर्यादा असणे यात लाजिरवाणे असे काही नाही. मनुष्याची शक्ती मर्यादित, द्रव्य मर्यादित, तेव्हा त्याच्या हातून घडणारे पुण्यही मर्यादितच असावयाचे. शंभर भुकेल्यांपैकी दहांना जेवू घालणाऱ्यास उरलेल्या नव्वदांबद्दल जाब विचारणे हा शुद्ध अन्याय होईल. परंतु तोच यजमान 'माझ्या दाराशी कोणी उपाशी राहत नाही' असा फलक लावील आणि दहावे पान मांडून होताच दाराला अडसर घालील, तर मात्र त्यास दोन शब्द विचारण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांस प्राप्त होतो. आमचा आजचा लेख अशाच एका फलकाविषयी आहे. पांजरपोळ, गोशाळा, गोरक्षण संस्था आणि अलीकडे शहरोशहरी निघालेले श्वानाश्रम या सर्वांचे ब्रीद एकच असते : 'आमच्या येथे एकाही जिवास मारले जात नाही.' हे ब्रीद खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते खरे आहे. पण ज्या युक्तीने ते खरे राहते ती युक्ती फलकावर लिहिलेली नसते. ती युक्ती म्हणजे दार. जागा असेल तेवढीच जनावरे आत घ्यावयाची, उरलेल्यांस परत पाठवावयाचे, आणि परत गेलेल्यांचे पुढे काय झाले याची नोंद आपल्या वहीत ठेवावयाची नाही, या तीन गोष्टी साधल्या की कोणतीही संस्था निष्कलंक राहू शकते. अशा निष्कलंकतेची किंमत कोण देतो, एवढेच आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम इतिहास पाहू. न मारणारी आश्रयसंस्था ही कल्पना अमेरिकेत निघाली असे आजकालच्या तरुणांस वाटते. तो त्यांचा भ्रम आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले हा १६२३ साली खंबायत येथे आला तेव्हा तेथील पशुपक्ष्यांचे इस्पितळ पाहून चकित झाला होता. आपल्या महाराष्ट्राच्या राजधानीत या कल्पनेने मूळ धरले ते एका दंग्यातून. बेवारस कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे इनाम देण्याची रीत इंग्रज सरकारने मुंबईत घातली होती. इनामाच्या लोभाने शिपाई घरांतून कुत्री ओढून नेऊ लागले, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाज खवळून उठला. हिंदू व जैन व्यापारी त्यास मिळाले, दुकाने बंद झाली आणि किल्ल्यातील गोऱ्या शिपायांची रसद अडली. पुढे १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि त्यांचे व्यापारी स्नेही यांनी भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापिला. आरंभी त्याचा मुख्य हेतू मारावयास काढलेल्या कुत्र्यांचा जीव वाचविणे हा होता. ही संस्था आजही उभी आहे आणि तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे.

पण या इतिहासाची दुसरी बाजू फारसे कोणी सांगत नाही. भुलेश्वरात पांजरपोळ उभा राहिला म्हणून मुंबईतील कुत्री मरावयाची थांबली नाहीत. नगरपालिकेचे गाडे रस्त्यांवरून फिरत राहिले आणि कुत्री मारण्याचे हे काम १९९४ पर्यंत चालू होते. म्हणजे तब्बल एकशे साठ वर्षे एकाच शहरात दोन वह्या लिहिल्या जात होत्या. एका वहीत फक्त जगणे, दुसरीत फक्त मरणे. पहिली वही धुतल्या तांदळासारखी स्वच्छ राहिली, कारण दुसरी वही लिहावयास दुसरे कोणीतरी होते. पहिल्या वहीच्या धन्यांस समाजाने दाते म्हणून गौरविले. दुसरी वही ज्यांच्या हातून लिहिली गेली ते पालिकेचे कामगार समाजाच्या लेखी अस्पृश्यच राहिले. पाप-पुण्याची अशी वाटणी आपल्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे, त्यामुळे ती कोणास खटकत नाही.

लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी नामक बाईने बेवारस कुत्र्यांसाठी आश्रम काढला. तो १८७१ पासून बॅटरसी भागात आहे. या आश्रमाने पोलिसांनी आणलेले कुत्रे परत पाठवावयाचे नाही असे ठरविले. त्याचा परिणाम अटळ होता. ज्यांना धनी मिळाला नाही अशी कुत्री तेथे मारली जाऊ लागली आणि १८८४ पासून त्यासाठी वायूची कोठडीही बांधली गेली. हे वाचून आपल्याकडील सज्जन कानांवर हात ठेवतील. आम्हीही त्या कोठडीचे समर्थक नाही. परंतु त्या आश्रमाच्या वहीत जगणे व मरणे ही दोन्ही खाती एकाच हस्ताक्षरात होती, हे मान्य करावे लागेल. किती आले, किती गेले, किती मेले हे तेथे लपत नव्हते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचा दाखला याहूनही बोधप्रद आहे. तेथील प्राणिदया संस्थेने शहराची कुत्री पकडण्याचे व मारण्याचे कंत्राट १९८९ साली सोडून दिले आणि ते काम शहराच्या नव्या खात्याकडे गेले. इथवर त्यांची कथा आपल्यासारखीच आहे : खाजगी संस्थेने हात धुतले आणि सरकारी खात्याने ते मळविले. पण १९९४ साली त्या संस्थेने शहराशी करार केला की, सरकारी खात्यास ज्या निरोगी कुत्र्यामांजरांसाठी घर सापडणार नाही ती सर्व आम्ही घेऊ. मर्यादित दाराच्या संस्थेने उघड्या दाराच्या संस्थेशी केलेला हा करार होता. आणि तेथे 'न मारणारी' हे बिरुद लावण्याची रूढ कसोटीही सांगण्यासारखी आहे : शंभरांपैकी निदान नव्वद जीव वाचले पाहिजेत. उरलेले दहा असाध्य दुखण्याचे असू शकतात, हे ते उघड बोलतात. आमच्याकडे कसोटी शंभरांपैकी शंभर अशी सांगितली जाते, आणि वही मात्र उघडली जात नाही.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. बैल साधारणतः बारा-तेरा वर्षांचा होईतो शेतीच्या कामास येतो आणि नीट पोसला तर अठरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे कामातून सुटल्यावर त्याचे सहा-सात वर्षांचे आयुष्य उरते. तीनशे जनावरांची सोय असलेली एक गोशाळा घ्या. आत आलेले प्रत्येक जनावर सरासरी सहा वर्षे जगले, तर वर्षाकाठी किती जागा रिकाम्या होतील? पन्नास. या पन्नास जागा एखाद्या मोठ्या गावाच्या गोठ्यांनाही पुरणार नाहीत. मग तालुक्याची व जिल्ह्याची गोष्ट कशास? न मारणाऱ्या संस्थेत जितकी जनावरे मरतील तितकीच नवी आत येऊ शकतात, हा तिचा गणिती नियम आहे. या नियमातून एक भयंकर निष्पत्ती निघते आणि ती आम्ही संकोच न बाळगता सांगतो. अशा संस्थेत जनावरे जितकी चांगली पोसली जातील, तितके तिचे दार बाहेरच्यांस अधिक घट्ट बंद राहील. आणि जी संस्था 'आम्ही कोणासही परत पाठवीत नाही' अशी प्रौढी मिरवील, तिच्या आतली जनावरे लवकर मरत असली पाहिजेत. तिसरा पर्याय गणितात नाही.

चाऱ्याचा हिशेबही पाहावा. मध्यम बांध्याच्या जनावरास दिवसास सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचा सुमारे तीन टन होतो. तीनशे जनावरांस नऊशे टन. आमच्या भंडारा जिल्ह्यात चारा म्हणजे धानाचे तणस. एकरी दीड टन तणस धरले तरी एका गोशाळेस सहाशे एकर धानाचे तणस हवे. त्यातही तणस हा पोट भरणारा पण अंगी न लागणारा चारा. त्यात प्रथिने नावालाच असतात. हिरवा चारा, कोंडा, ढेप यांची जोड नसेल तर निव्वळ तणसावरचे जनावर उभ्याउभ्या वाळत जाते. ज्या संस्थेपाशी ना शेत, ना कुरण, ना पाण्याची शाश्वती, तिने फलक लावून दोनशे-तीनशे जनावरे पत्र्याखाली कोंडावी, याला आश्रय म्हणावयाचे की दीर्घसूत्री वध म्हणावयाचे? सुरीने मारले तर हिंसा, आणि चिखलात रुतवून, उपाशी ठेवून, महिनाभराने मेले तर 'नैसर्गिक मृत्यू'! भाषेचा असा उपयोग न्यायालयातील वकिलासही लाजवील.

भंडारा जिल्ह्याची स्थिती आम्ही जवळून पाहत आहो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हा वैनगंगेच्या काठचा, तलावांचा आणि धानाचा जिल्हा. येथे पूर्वी गावोगावी आखर असे. सकाळी गोवारी साऱ्या गावची गुरे तेथे जमवून रानात नेई. बलिप्रतिपदेच्या गायगोधनास गोवाऱ्याचा मान अजूनही आहे, पण चारावयास गुरे आणि चरावयास रान ही दोन्ही आटत चालली आहेत. आखरावर अतिक्रमणे झाली, झुडपी जंगलास कुंपणे पडली, गोसीखुर्दच्या जलाशयाखाली शेतीबरोबर चराऊ जमीनही गेली. नांगरास ट्रॅक्टर आला, कापणीस यंत्र आले. यंत्राने कापलेल्या धानाचे तणस बांधीतच विखरून राहते आणि पुष्कळदा तेथेच जाळले जाते. म्हणजे बैलाचे काम गेले आणि त्याचबरोबर त्याचे खाणेही गेले. पशुगणनेचे आकडे हेच सांगतात : महाराष्ट्रातील गाय-बैलांची संख्या २०१२ साली सुमारे एक कोटी पंचावन्न लक्ष होती, ती २०१९ साली सुमारे एक कोटी चाळीस लक्षांवर आली.

गोवधबंदीचा कायदा आपल्या राज्यात १९७६ सालचा आहे. त्यात ४ मार्च २०१५ पासून बैल व वळू यांचाही समावेश झाला. हा कायदा योग्य की अयोग्य हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. ज्यांस तो धर्मकृत्य वाटतो त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या पुण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला गेला ते पाहावे. थकलेला बैल विकून आलेल्या पैशांत पदरची भर घालून नवा गोऱ्हा घेणे, हा लहान शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता. तोच त्याचा विमा आणि तेच त्याचे भांडवल. ते भांडवल एका दिवसात शून्य झाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून त्यास जेवणाचे आवतण देणारा हा शेतकरी जनावरावर प्रेम करीत नाही, असे कोण म्हणेल? पण दोन एकरांच्या धान्यावर जो स्वतःचे पोट भरू शकत नाही, त्याने निकामी बैलास आणखी सहा वर्षे तीन-तीन टन चारा घालावा, ही अपेक्षा शहरातील पेढीवर बसून करणे सोपे आहे. तो शेतकरी बैल घेऊन गोशाळेच्या दाराशी जातो. तेथे त्यास सांगण्यात येते, जागा नाही. मग तो रात्रीच्या अंधारात बैलाचे दावे सोडतो आणि मागे न पाहता घरी येतो. हा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने दंडनीय ठरविले असून पहिल्या गुन्ह्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये! परंतु दार लावून घेणाऱ्यास कोणताही कायदा गुन्हेगार म्हणत नाही. सोडणारा पापी आणि नाकारणारा पुण्यवान, हा न्याय आमच्या पचनी पडत नाही.

सोडलेला बैल कोठे जातो? तो आधी शेजारच्या गावच्या लाखोरीत आणि हरभऱ्यात शिरतो. ज्याचे पीक गेले तो शेतकरी त्यास काठीने, प्रसंगी तारेच्या कुंपणातील विजेने, परतवितो. मग तो राष्ट्रीय महामार्गावर येऊन बसतो, कारण डांबर रात्री उबदार असते आणि तेथे माशा कमी असतात. भंडारा, लाखनी, साकोली या वाटेने रात्री मोटारीतून गेलेल्या प्रत्येक वाचकाने हे दृश्य पाहिले असेल. तेथे तो कोणा ट्रकखाली मरतो आणि कधीकधी एखाद्या दुचाकीस्वारास सोबत घेऊन जातो. नाहीतर बाजाराच्या उकिरड्यावर प्लास्टिक खाऊन पोट फुगून मरतो. या मरणाची नोंद कोणत्याही गोरक्षण संस्थेच्या वार्षिक अहवालात सापडणार नाही, कारण ते दाराबाहेर घडले.

या व्यवस्थेत आणखी एक गुंता आहे. कत्तलीस चाललेल्या म्हणून पोलिसांनी अडविलेल्या गाड्यांतील जनावरे न्यायालयीन मुद्देमाल म्हणून गोशाळांच्या स्वाधीन केली जातात. एकेका रात्री वीस-तीस जनावरे येऊन पडतात. ती बहुधा दूर गावची असतात, प्रवासाने मोडलेली असतात, आणि खटल्याचा निकाल लागेतो तेथेच राहावयाची असतात. आधीच भरलेली दावण त्यांनी अधिक भरते. मग ज्या गावाच्या वर्गणीने ती गोशाळा उभी राहिली, त्या गावच्या शेतकऱ्याच्या बैलास जागा कोठून मिळणार? शासनाने २०२३ साली कायदा करून गोसेवा आयोग स्थापिला, ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीस 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दर दिवशी दर गायीस पन्नास रुपये अनुदान मंजूर केले. मदत स्वागतार्ह आहे. पण अनुदान मिळावयाचे ते आतल्या जनावरास. दारातून परत गेलेल्यास, शेतकऱ्याच्या गोठ्यात उभ्या असलेल्या थकल्या बैलास नव्हे. शिवाय मातेची पदवी देऊन मातेचा चारा वाढत नसतो. जे जनावर शेतकऱ्याच्या दारी जगू शकले असते, त्यास आधी बेवारस होऊ द्यावयाचे आणि मग त्याच्या बेवारसपणास अनुदान द्यावयाचे, हा उफराटा अर्थव्यवहार आहे.

गंमत अशी की, उघड्या दाराची संस्था आपल्याकडे होतीच, आणि तिला आपण कमी लेखीत आलो. ती संस्था म्हणजे गावचा कोंडवाडा, आमच्या भागातील कांजीहाऊस. १८७१ च्या कायद्यान्वये पिकात शिरलेले जनावर आणून दिले की कोंडवाडेवाल्यास ते घ्यावेच लागे. 'जागा नाही' म्हणण्याची मुभा त्यास नव्हती. सात दिवसांत धनी न आला तर पोलिसांत वर्दी, मग जाहीर नोटीस, आणि त्यानंतरही सात दिवसांत कोणी न आल्यास लिलाव. प्रत्येक पायरीची नोंद. कोंडवाडा रुक्ष होता, गलिच्छही होता, आणि लिलावात जनावर कोणाच्या हाती जाईल याची खात्री नव्हती. तथापि त्याची वही प्रामाणिक होती. आज अनेक गावांत त्याच्या भिंती पडल्या आहेत. दयेची संस्था पत्र्याच्या शेडीसह वाढत आहे आणि जबाबदारीची संस्था ढासळत आहे. जिल्ह्याच्या या चित्रावर आम्हांस याहून निराळे भाष्य करण्याची गरज वाटत नाही.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला आक्षेप : 'जागा नसताना आम्ही काय करावे? जेवढे झेपते तेवढे करतो.' हे म्हणणे रास्त आहे आणि त्यास आमचे उत्तरही साधे आहे. जेवढे झेपते तेवढेच करा. किंबहुना त्याहून एक जनावरही अधिक घेऊ नका. पण मग 'आमच्या येथे कोणी मरत नाही' हा डौल सोडा आणि 'आम्ही तीनशे सांभाळतो, यंदा चारशे परत पाठविली' असे लिहा. त्या दुसऱ्या आकड्याने संस्थेची अब्रू जाणार नाही; उलट समाजास आपल्या खऱ्या कर्तव्याची मोजदाद प्रथमच कळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'एकदा मारण्यास मुभा दिली की तिला अंत राहणार नाही. आज असाध्य रोग्यास, उद्या म्हाताऱ्यास, परवा जागा हवी म्हणून धडधाकटासही माराल.' ही भीती निराधार नाही. बॅटरसीच्या कोठडीचा आणि मुंबई पालिकेच्या गाड्यांचा इतिहास तिला आधार देतो. म्हणूनच आम्ही येथे आमची रेघ स्पष्ट आखतो : जागेसाठी मारणे आम्हांस मान्य नाही. परंतु जागेसाठी नाकारणे म्हणजे अहिंसा, हेही आम्हांस मान्य नाही. राहिला प्रश्न असाध्य वेदनेचा. पाठीचा कणा मोडलेला बैल पंधरा दिवस किड्यांच्या स्वाधीन करून ठेवणे आणि त्यास सेवा म्हणणे, हा दयेचा विपर्यास आहे. १९६० च्या कायद्याचे तेरावे कलम जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा जनावरास मरण देण्याची तरतूद करते. कुत्र्यांसंबंधीचे २०२३ चे नियमही असाध्य आजारी व प्राणांतिक जखमी कुत्र्यास पशुवैद्याच्या हस्ते वेदनारहित मरण देण्यास अनुमती देतात. गोवंशाच्या बाबतीत राज्याच्या कायद्याशी या तरतुदीचा मेळ निःसंदिग्ध शब्दांत घालून देणे हे शासनाचे काम आहे. पशुवैद्यांस भीतीच्या छायेत ठेवून दया होत नसते.

तिसरा आक्षेप धर्माचा. त्यास आम्ही आमच्या मुखाने उत्तर देत नाही. ज्याच्या अहिंसेविषयी कोणास शंका नाही अशा पुरुषाचे आचरण पुढे ठेवतो. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ पिसाळलेली व पिसाळण्याचा संभव असलेली कुत्री मारविली, तेव्हा गुजरातभर काहूर उठले. महात्मा गांधींनी त्या कृत्याचा पक्ष घेतला, आणि रस्त्यातील कुत्र्यास तुकडा टाकून आपण दया केली असे मानणाऱ्यांस त्यांनी खडसावून विचारले की, त्याचे पालकत्व तुम्ही घेता काय? पुढे १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनांनी तडफडत होते. उपाय खुंटल्यावर गांधींनी स्वतः समोर उभे राहून डॉक्टराकडून त्यास सुई टोचवून मरण दिले आणि ती गोष्ट लपवून न ठेवता आपल्या पत्रातून जाहीर केली. शिव्याशापांची पत्रे आली. त्यांनी भूमिका सोडली नाही. याच गांधींनी गोसेवेचे काम आयुष्यभर केले. १९४१ साली वर्ध्यास गोसेवा संघ निघाला. जमनालाल बजाज यांनी त्यास आपले उरलेसुरले दिवस वाहिले व फेब्रुवारी १९४२ मध्ये देह ठेवला. त्या परंपरेची शिकवण अशी होती की पांजरपोळांनी निकामी जनावरांची कोंडवाडी होऊ नये. उत्तम दुग्धालये व्हावे, मेलेल्या ढोराच्या कातड्याचा उद्योग स्वतः करावा आणि त्या उत्पन्नावर थकलेल्यांस पोसावे. वर्धा भंडाऱ्यापासून दूर नाही. पण ती शिकवण येथवर पोचलेली दिसत नाही. मेलेल्या ढोराचे काम करावयाचे म्हटले की आजही आमच्या गोभक्तांस विटाळ आठवतो.

कुत्र्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथेही तोच न्याय लागू आहे. २००१ चे व त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम असे सांगतात की रस्त्यावरील कुत्री पकडून त्यांची नसबंदी करावी, त्यांस लस टोचावी आणि जेथून आणली तेथेच सोडावी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्लीची सारी कुत्री आश्रयस्थानांत ठेवण्याचा हुकूम दिला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तो बदलून पिसाळलेली व हल्लेखोर वगळता इतर कुत्री परत सोडण्यास सांगितले. लाखो कुत्र्यांस पुरतील अशी आश्रयस्थाने हुकुमाने उभी राहत नाहीत. जगातील रेबीजच्या बळींपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशातील आहेत आणि त्यांत पुष्कळशी लहान मुले गरिबांची आहेत. या संकटावर वीस-पंचवीस देखण्या कुत्र्यांचा आश्रम काढून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करणे हा उपाय नव्हे. तेवढ्याच द्रव्यात एका शस्त्रक्रियागृहाने आणि एका लस देणाऱ्या गाडीने त्याहून किती तरी अधिक जिवांचे, जनावरांचे व माणसांचे, रक्षण होईल.

तेव्हा आमची मागणी काय? ती पाच वाक्यांत सांगता येते. प्रत्येक आश्रयसंस्थेने आत आलेली, मेलेली आणि परत पाठविलेली अशी तीनही खाती दरमहा प्रसिद्ध करावी आणि तिसरे खाते न देणाऱ्या संस्थेस शासकीय अनुदान मिळू नये. संस्थेची क्षमता पत्र्याच्या लांबीरुंदीवरून न ठरविता तिच्या शेत, चारा, पाणी व पशुवैद्य यांवरून ठरवावी आणि ती ओलांडणे हाच क्रूरतेचा गुन्हा मानावा. प्रत्येक तालुक्यात एक तरी सार्वजनिक कोंडवाडा दुरुस्त करून उघड्या दाराचा ठेवावा, आणि अनुदान घेणाऱ्या खाजगी संस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या धर्तीवर त्याच्याशी लेखी करार करून त्याचा भार ठरल्या प्रमाणात उचलावा. थकलेला बैल स्वतःच्या गोठ्यात मरेपर्यंत सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास गोशाळेइतकेच अनुदान त्याच्या दारी मिळावे. कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली गोशाळा म्हणजे त्याचा गोठाच होय. आणि असाध्य वेदनेतील जनावरास दोन पशुवैद्यांच्या लेखी दाखल्याने सुखाचे मरण देण्यास कायद्याचे नि समाजाचे पूर्ण संरक्षण असावे.

या मागण्यांत दयाळू माणसाने विरोध करावा असे आम्हांस काही दिसत नाही. विरोध होईल तो हिशेब दाखविण्यास. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून दरवर्षी गोग्रासाचे पैसे जातात, वाढदिवसाच्या निमित्ताने चाऱ्याची देणगी जाते, पावती येते आणि मन शांत होते. ते पैसे देणाऱ्या गृहिणीस आणि गृहस्थास आमची विनंती एवढीच आहे की, पुढची पावती घेताना गोशाळेच्या चिटणिसास एक प्रश्न विचारावा : 'गेल्या महिन्यात तुमच्या दारातून किती जनावरे परत गेली?' उत्तर आकड्यात मिळाले, तर तो आकडा कितीही मोठा असो, देणगी दुप्पट करावी. उत्तर हसण्यावारी गेले, तर ती रक्कम शेजारच्या खेड्यातील एखाद्या थकल्या बैलाच्या धन्यास तणसासाठी द्यावी. तेथे पावती मिळणार नाही; बैल मात्र दाव्याला बांधलेला दिसेल.